तारापूरसमोर दिसेनासं झालेलं विमान

बोईसरच्या बाजारात माझी एक ठरलेली भाजीवाली आहे. मी विमानतळावर नोकरीला होते असं तिला कोणीतरी सांगितलंय, म्हणून तिची समजूत अशी की मी विमानात लोकांना चहा देत असणार. माझ्याकडे बघून तिला ते फारसं पटत नाही, पण बिचारी तसं बोलून दाखवत नाही. विलासबद्दल, म्हणजे माझ्या नवऱ्याबद्दल, तिने आपल्या मनानेच ठरवलंय की तो धावपट्टीवर उभा राहून झेंडे दाखवायचा. आम्ही दोघंही एअर ट्रॅफिक कंट्रोलर होतो, हे मी तिला समजावून पाहिलं. मग झेंडे तर झेंडे, म्हणून सोडून दिलं.

तुम्हाला मात्र नीट सांगते, कारण पुढचं कळायला ते लागेल. काचेचा उंच मनोरा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तिथे बसणारे विमानं उतरवतात आणि उडवतात. पण आमच्या नोकरीचा बराच भाग त्या मनोऱ्यात नाही, खाली एका अंधाऱ्या, गारठलेल्या खोलीत गेला. तिथे रडारचे पडदे असतात. पडद्यावर प्रत्येक विमान म्हणजे एक ठिपका, आणि ठिपक्याशेजारी त्याचं नाव, उंची आणि वेग. आकाशाचे तुकडे पाडलेले असतात. एक तुकडा माझा, शेजारचा दुसऱ्याचा. माझ्या तुकड्यातलं विमान हद्दीपाशी आलं की ते शेजाऱ्याच्या स्वाधीन करायचं. आपण पायलटला काही सांगितलं की त्याने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, आणि तो काय म्हणतोय ते आपण कान देऊन ऐकायचं. त्याने परत म्हटलं नाही, तर आपण काही सांगितलंच नाही असं धरायचं. सगळं बोलणं टेपवर जातं. पायलटशी केलेलं, शेजारच्या टेबलाशी केलेलं, सगळं.

या टेपमुळे आमच्या संसाराची फार पंचाईत व्हायची. कधी कधी विलास शेजारच्या तुकड्यावर असे आणि मी माझ्या. घरी सासूबाईंवरून कडाक्याचं भांडण झालेलं, दोन दिवस अबोला, आणि इथे दोन टेबलांमधल्या फोनच्या तारेवर त्याला विचारावं लागे, "अमुक विमान तुमच्याकडे देऊ का?" तो म्हणे, "द्या." द्या! घरी अरे-तुरे आणि इथे द्या. एकदा त्याने त्याच तारेवर मला विचारलं, "येताना भाजी काय आणू?" ते ऐकलं गेलं आणि त्याला लेखी समज मिळाली. मला मेथी मिळाली नाही ती नाहीच.

गमतीची गिऱ्हाइकंही असत. एका कॅप्टनला मी गोल गोल फिरत थांबायला सांगितलं, खाली गर्दी होती. नियम मोडून तो मराठीत म्हणाला, "बाई, आज मुलीची हळद आहे हो, जरा आधी घ्या." मी त्याला त्याच्या नंबरानेच घेतलं. आठवड्याने खोलीत बुंदीच्या लाडवांचा डबा आला, पाठवणाऱ्याचं नाव नाही. मला वाटतं तोच असणार. खात्री नाही, कारण आमच्या कामात माणूस कधी दिसत नाही. आवाज येतो, आपली हद्द संपली की पुढच्या टेबलाकडे जातो, आणि त्याचं पुढे काय झालं ते कळत नाही. तेव्हा मला हे बरं वाटायचं.

मी सफाळ्याची, बाबांचं स्टेशनजवळ कटलरीचं दुकान. विलास तारापूरच्या अलीकडच्या एका मच्छीमार गावचा. त्यांच्या किनाऱ्यावरून अणुकेंद्र दिसतं. एकाच रेल्वेच्या वाटेवरची आम्ही माणसं, पण भेटायला अलाहाबादच्या प्रशिक्षण केंद्रात जावं लागलं. तिथे नकाशावर पहिल्यांदा तारापूरभोवती रेघ आखलेली दाखवली, याच्यावरून विमान न्यायचं नाही म्हणून, तेव्हा विलास हळूच मला म्हणाला, "त्या रेघेच्या आत आमची होडी असते."

होडी त्याच्या मोठ्या भावाची, हरीदादाची. वडील लवकर गेले, मग हरीदादा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, झाला आणि विलास शाळेत गेला. विलासने एकदा होडीवर चढायचा हट्ट धरला तर हरीदादाने त्याला दंडाला धरून खाली उतरवलं होतं. "आमच्यातला एक तरी सुका ऱ्हाऊदे," असं म्हणाला होता. विलास शिकला तो दादाच्या जाळ्यावर, पण त्याने दादाकडे तोंड उघडून कधी काही मागितलं नाही, आणि दादानेही त्याला मागायची वेळ येऊ दिली नाही. आमच्या लग्नाची बोलणी करायला हरीदादा एकटाच सफाळ्याला आला, पापलेटांची टोपली घेऊन. आमच्या घरी मासे चालत नव्हते. आईने हसून टोपली घेतली आणि तो वळल्याबरोबर शेजारणीला दिली. पुढच्या वेळी तो आणखी मोठी टोपली घेऊन आला. असा माणूस.

त्याची बायको हिरावहिनी. मी त्या घरात गेले तेव्हा मला बोंबील सोलता येत नव्हता, भाकरी थापता येत नव्हती, आणि त्यांची बोली निम्मी कळत नव्हती. वहिनी त्यावरून मला एकदाही हसली नाही. विलासवर तर तिचा पोटच्या पोरासारखा जीव. भावजी आले की चुलीवरचं कालवण दुसऱ्या कोणाला मिळायचं नाही.

तो दिवस आमच्या निवृत्तीच्या आधी काही वर्षांचा. मासेमारीचा हंगाम नुकताच संपलेला, पावसाळ्याच्या तोंडचे दिवस. दुपारची वेळ होती. माझ्या हद्दीत एक छोटं विमान किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला चाललं होतं. शिकाऊ विमान, आत दोघं, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. त्यांना मी तारापूरला वळसा घालून समुद्रावरून जायला सांगितलं. शिकणाऱ्या पोराने घाबऱ्या आवाजात सगळं बरोबर परत म्हणून दाखवलं. त्यानंतर थोड्या वेळाने त्याचा ठिपका पडद्यावरून गेला.

मी हाक मारली. उत्तर नाही. असं झालं म्हणजे विमान पडलंच असं नसतं. रेडिओ बिघडतो. कधी त्याला आपलं ऐकू येतं, पण बोलता येत नाही. म्हणून आपण बोलत राहायचं. "ऐकू येत असेल तर डावीकडे वळा," असं म्हणायचं आणि ठिपका वळतो का बघायचं. पण इथे बघायला ठिपकाच नव्हता. मी रिकाम्या जागेकडे बघून बोलत राहिले. विलास त्या दिवशी खोलीत मुख्य होता. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. नियमाप्रमाणे जे जे करायचं ते त्याने सगळं केलं. उत्तरेच्या धावपट्ट्यांना फोन, शोध घेणाऱ्यांना फोन, तटरक्षकांना फोन. सगळे निघाले होते, निघत होते, बघतो म्हणत होते. समुद्रावर पोचायला त्यांना वेळ लागणार होता, आणि विमान पाण्यात असेल तर आत बसलेल्यांना तेवढा वेळ नव्हता.

त्याने माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. शेवटचा ठिपका जिथे होता तिथे. म्हणाला, "सुमन, हे आमच्या खाडीच्या समोर आहे."

मी म्हटलं, "हो."

त्या खोलीत मोबाइल नेता येत नाही. तो बाहेर ठेवावा लागतो. विलासने आपली जागा दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि बाहेर जाऊन हरीदादाला फोन लावला. आम्ही दोघं सगळी नोकरी टेपवर बोललो, आणि हे एवढं बोलणं तेवढं कुठे नाही. नंतर त्याने मला सांगितलं, दादाला विचारलं, दर्यात जाता येईल का, तुझ्यासमोर विमान पडलं असेल. दादा म्हणाला, बघतो. एवढंच.

हरीदादाची होडी तेव्हा वर ओढून ठेवलेली होती. हंगाम संपला म्हणून सामान उतरवलेलं, वायरलेससुद्धा काढून घरात ठेवलेला. त्याने दोन खलाशांना हाका मारल्या, होडी पुन्हा पाण्यात लोटली आणि गेला. फोन वहिनीकडे ठेवून गेला, भिजेल म्हणून.

मग उत्तरेच्या एका लहानशा धावपट्टीवरून कळलं. विमान तिथे उतरलं होतं. त्याची वीज गेली होती, सगळीच. रेडिओ बंद, रडारला उत्तर देणारं यंत्र बंद. पण असल्या छोट्या विमानाचं इंजिन विजेवाचूनही चालतं. त्यांनी नाक सरळ ठेवलं, किनारा धरला आणि सुखरूप उतरले. आमच्या खोलीत टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. विलास टाळ्या न वाजवता बाहेर पळाला.

फोन वहिनीने उचलला. ती म्हणाली, "ते तं गेले भावजी."

"बोलाव त्याला मागे. विमान मिळालं. बोलाव, वहिनी."

ती किनाऱ्यावर धावली. ओरडली, पदर हलवला. होडी तोवर खाडीच्या तोंडाबाहेर गेली होती. बोलवायला काही नव्हतं. आकाशातून तुफान वेगाने जाणाऱ्या माणसाला डावीकडे वळ म्हटलं की तो आमचं ऐकून वळायचा, आणि डोळ्यांसमोरच्या होडीतल्या आपल्या माणसापर्यंत आमचा आवाज पोचत नव्हता. ते दोन-तीन तास फिरले, काही मिळालं नाही म्हणून परत फिरले. येताना खाडीच्या तोंडाशी वारा आणि ओहोटीचं पाणी एकमेकांवर आपटत होतं, तिथे होडी उलटली. दोन खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. हरीदादा दुसऱ्या दिवशी सापडला.

आमच्या सगळ्या नोकरीत आमच्या हाताखालचं एकही विमान पडलं नाही. माणूस गेला तो आमच्या घरातला, आणि तो विमानात नव्हता. विमानातल्या त्या दोघांना हे कोणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. बहुधा नाही. ते सांगायचं काम कोणाचंच नव्हतं. तो घाबऱ्या आवाजाचा पोरगा आता कुठेतरी मोठं विमान चालवत असेल. मी त्याचं वाईट चिंतत नाही. चांगलंही चिंतवत नाही माझ्याच्याने.

चौकशीत विलासला कोणी बोल लावला नाही. त्याने सगळं वेळेवर केलं होतं, उलट कौतुक झालं. फोनबद्दल कोणी विचारलंच नाही, तो खाजगी होता. विलास पुढे निवृत्तीपर्यंत कामावर गेला. माझ्या शेजारी बसायचा, बरोबर बोलायचा, बरोबर ऐकायचा. घरी आल्यावर मात्र जेवणाचं ताट पुढे ठेवलं तरी त्याला सांगावं लागे की जेव. मी चिडायचे. रडून झालं की चिडायचं, एवढंच मला जमत होतं.

निवृत्तीनंतर त्याने हट्ट धरला की गावी राहायचं, वहिनीच्या शेजारच्या आमच्या खोल्यांत. मी नको म्हटलं. मला पालघरला एखादा ब्लॉक चालला असता, स्टेशन जवळ, दवाखाना जवळ. पण तो ऐकेना. पुतण्या, हरीदादाचा मुलगा, आता कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात पाळीवर जातो. बाप गेल्यावर तो समुद्रावर गेलाच नाही. वहिनीकडे बघायला कोणी हवं, असं विलास म्हणाला. खरं म्हणजे वहिनीने आपल्याकडे बघावं, असं त्याला वाटत होतं.

ती माझ्याशी बोलायची. मोजकं, पण बोलायची. विलासशी त्या फोननंतर एक अक्षर नाही. तो दारात आला की ती आत जायची नाही, तोंड फिरवायची नाही. हातातलं काम करत राहायची. तो रोज सकाळी तिच्या ओट्यापाशी उभा राहून सांगायचा, "वहिनी, मी बोईसरला चाललोय. काही आणायचंय?" "वहिनी, आज वारं सुटलंय, सुकट झाकून ठेव." उत्तराची वाट न बघता बोलून निघायचा. मी खिडकीतून बघायचे. असं बोलणं मला ओळखीचं होतं. आम्हाला ते शिकवलेलं होतं. समोरच्याला ऐकू येतंय असं धरून बोलत राहायचं.

एका गोष्टीचा मात्र त्याला आधार होता. गावात कोणीही दादाचा विषय काढला की म्हातारी माणसं सांगायची, दर्यात कोणी बुडतंय कळलं तर आपल्यात कोणी विचार करत नाही, जातो. ओळखीचा असो, नसो. हरी गेला तसा कोणीही गेला असता. हे विलासला पाठ झालं होतं. जेवताना मधेच मला म्हणायचा, "मी नसता केला फोन आणि दुसऱ्या कोणी केला असता, तरी दादा गेलाच असता, ना?" मी हो म्हणायचे. दिवसातून कितीदा विचारलं तरी हो म्हणायचे. तेवढ्यावर तो झोपायचा.

यंदा गावकीने ठरवलं की होड्या लावतात तिथली शेड नवी बांधायची आणि तिला हरीदादाचं नाव द्यायचं. नारळी पौर्णिमेला पाटी लावायची, दोन शब्द विलासने बोलायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसलं. पाटीवर काय लिहायचं ते त्याने चार वेळा खोडून जुळवलं. मग म्हणाला, वहिनीला विचारल्याशिवाय नको. एकट्याला धीर होईना म्हणून मलाही बरोबर नेलं.

दुपारची वेळ. वहिनी ओट्यावर बसून जुन्या जाळ्याचा दोरा उसवत होती. विलासने उभ्यानेच सांगितलं. गावाने असं ठरवलंय, पाटीवर असं लिहायचंय, "संकटात सापडलेल्या विमानाच्या मदतीला गेले आणि प्राण दिला." वाचून झाल्यावर तो रोजच्यासारखा वळला, कारण उत्तर येणार नव्हतं.

"भावजी," वहिनी म्हणाली.

विलासने ओट्याच्या खांबाला धरलं.

"ते इमानासाठी नाय गेले."

तिने दोरा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून सांगायला लागली, बहुतेक त्याच्याकडे बघून सांगणं तिला जमलं नसतं. "तुमचा फोन आला तवा दर्या खवळलेला, सुमन. मी बोलली, जाऊ नका, सरकारची बोट हाय, ती जाईल. ते पन बोलले, व्हय गो, कुठं इमान नि कुठं आमी. नि बसले. बसलेच व्हते. मी चा दिला हातात. चा पिता पिता बोलले, आमच्या धाकट्यानं कदी काय मागितलं नाय. शाळंत व्हता तवा पन नाय. आज पयल्यांदा मागतो, नि मी बसून ऱ्हाऊ?" तिने दोरा पुन्हा उचलला. "चा तसाच टाकला नि उठले."

विलास म्हणाला, "वहिनी."

"तुमी बोलला म्हनून गेले ते, भावजी. दुसरं कोनी बोललं असतं तं नसते गेले. पाटी लावायचीच तं ते लिवा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं ती त्याच्याशी का बोलली नाही ते मला तेव्हा कळलं. बोलली असती तर हे सांगावं लागलं असतं, आणि पोटच्या पोरासारख्या माणसाला ते सांगवत नव्हतं. आम्हाला वाटत होतं ती शिक्षा करतेय. ती त्याला वाचवत होती, आणि आम्ही पाटी घेऊन गेलो.

घरी आल्यावर विलासने मला तो रोजचा प्रश्न विचारला नाही. नंतरही कधी विचारला नाही. पाटीचं त्याने गावकीला काहीतरी कारण सांगून टाळलं, शेड बिननावाचीच आहे.

वहिनी आता त्याच्याशी बोलते. एकदा तोंड फुटल्यावर तिला थांबवत नाही. "भावजी, चा घेता?" "भावजी, आज बोंबील बरे हायेत, देऊ?" अगदी पूर्वीसारखं, मायेने. तो खाली मान घालून ऐकतो, हो म्हणतो, दिलेला चहा गार होईपर्यंत हातात धरून बसतो आणि तिची पाठ वळली की ओतून टाकतो. आता सकाळी तो तिच्या ओट्यावर जात नाही. मागच्या दाराने बाहेर पडतो आणि लांबचा फेरा घालून स्टँडवर जातो. अबोला त्याने इतकी वर्षं सोसला, ही माया त्याला सोसवत नाही.

परवा म्हणाला, "सुमन, आपण इथून जाऊया."

मी म्हटलं, जाऊया. आजच म्हणशील तर आजच. कुठे, ते सांग.

त्याला ते सांगता आलं नाही.